इस्तरबाई आणि तात्यांचा डावा डोळा

स्वारगेटहून निघालेली बारामतीची गाडी मोरगाव मागे टाकून कऱ्हाटीच्या थांब्यावर आली, तेव्हा कंडक्टरने विचारलं, "कुणाकडं जायचंय?"

"एस्तेरमावशींच्या..." मी म्हणतेय तोवर पुढच्या सीटवरच्या आजी गर्रकन वळल्या.

"इस्तरबाई व्हय? डोळ्याची बाई! तू कोण तिची?"

"भाची."

"मंग उतर की! बसलीस काय?"

एस्तेरमावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आम्ही बेने इस्राएली (कोकणातले, मराठी बोलणारे ज्यू). पुण्यातली नर्सची नोकरी संपल्यावर ती डोळे तपासणीच्या एका शिबिरासाठी इथे आली आणि खोली घेऊन राहिलीच. आसपासच्या म्हाताऱ्यांना गोळा करायचं, ओळखीच्या डॉक्टरांकडे इंदापूरला न्यायचं, मोतीबिंदू काढून घरपोच सोडायचं, हा तिचा उद्योग. गेल्या वर्षी ती गेली. तिच्याबरोबर फिरणाऱ्या शालनताईंचा फोन आला, "बाईचं वर्ष भरतंय. तुमी या." वाटेत मी मनातल्या मनात छानसं भाषणही रचलं.

ते कुणालाच नको होतं. शालनताईंच्या दारात वडाप (भाड्याची जीप) उभी, आत आज्या-आजोबा खच्चून भरलेले. "बाईला हारतुरं आवडत न्हवतं," शालनताई म्हणाल्या. "आमी तिची इंदापूरची फेरी करतोय. तेवढं खावा आन् बसा."

खायला होता मलिदा (गूळ-खोबरं घालून कालवलेले पोहे). आमच्याकडे शुभकार्याला करतात, मावशीने इथे शिकवलेला. त्यात दाण्याचं कूट बघून मी थबकले.

"हे मावशीला चालायचं?"

"वरडायची. पण खायची."

मावशी शनिवारी गाडीत बसत नसे. तो आमचा शब्बाथ (विश्रांतीचा वार). गावाने ठरवून टाकलं होतं की बाई मारुतीचं करते, आणि लोक तिला देवासाठी तेल आणून देत. पहिल्या पहिल्यांदा तिने समजावलं. मग थकली आणि रविवारी त्या तेलात सगळ्यांसाठी भजी तळू लागली.

जीपमध्ये माझ्या शेजारी पटकेवाले तात्या बसले होते. पूर्वी मेंढरं राखायचे. आता दोन्ही डोळे अधू. उजवा डोळा तर पार गेलेला, आणि डाव्यातला मोतीबिंदू पिकून वर्षं झालेली. मावशी दर फेरीला त्यांच्या दारात उभी राहायची आणि तात्या म्हणायचे, सुगी होऊ द्या. सुगी झाली की म्हणायचे, दिवाळी होऊ द्या.

"आता डाक्टर म्हंत्यात, लांबवलं तर ह्योबी जाईल," शालनताई माझ्या कानात म्हणाल्या. ते तात्यांनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी पटका डोळ्यांवर ओढून घेतला.

बारामती सोडली आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. भवानीनगरला साखर कारखान्यापुढे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, हवेत मळीचा आंबूस वास. तात्यांना अचानक लघवीला जायचं आठवलं. गेले ते परत येईनात. मी शोधत गेले तर चहाच्या टपरीत बाकावर मांडी घालून बसलेले.

"मी एस्टीनं माघारी जातो. तुमी फुडं व्हा."

"तात्या, घाबरलात का?"

"घाबरतोय कशाला?" मग बशीतला चहा फुंकत हळूच म्हणाले, "एक डोळा गेला. ह्यो बी गेला तर म्हातारीला कोण बघंल? तिला गुडघ्यानं उठता येत न्हाय. बाई म्हंली हुती, मी हात धरून बसते. आता कोण धरतंय?"

"मी धरते," मी म्हणाले. दवाखान्याच्या नुसत्या वासाने मला चक्कर येते, हे बोलून झाल्यावर आठवलं.

इंदापुरात ट्रकांच्या गर्दीतून वाट काढत दवाखाना गाठला. मी तात्यांचा हात घट्ट धरून बसले. सिस्टरने डोळ्याखाली टोचायची सुई वर धरली, आणि माझ्यासमोर भिंतच हलली. शुद्धीवर आले तेव्हा मी कॉटवर होते, आणि तात्या माझा हात धरून उभे होते.

"सिस्टर, हिला आदी लिंबूपाणी द्या," ते म्हणाले. "आन् चला, माझं उरका. ही पोरगी परत पडंल."

आणि पटका माझ्या हातात देऊन ते ताठ मानेने आत चालत गेले.

रात्री आम्ही तिथल्याच धर्मशाळेत राहिलो. सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. तात्यांनी डोळा मिचकावला, खिडकीतला कावळा बघितला, स्वतःची नखं बघितली. मग मला निरखून म्हणाले, "ही तर लई बारकी हाय. कालपासनं मला वाटलं, चांगली धिप्पाड बाई हाय."

सगळे हसले. मग त्यांनी विचारलं, "तू बाईवानी दिसतीस का गं?"

"तुम्हीच सांगा."

"मी कुठं बघितलीय? बाई गावात आली तवाच माझं डोळं गेल्यालं. निस्ता आवाज ठावं."

मी मोबाईलवर मावशीचा जुना फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला. अंगणात डोळे बारीक करून हसणारी मावशी. तात्यांनी मोबाईल जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला.

"एवढीशीच हुती?" ते म्हणाले. "आन् मी हिला भ्यायचो!" मग पटक्याच्या शेवाने नाक पुसत पुटपुटले, "बाई, उशीर झाला बघ."

डॉक्टर ओरडले, "तात्या, डोळ्याला हात लावू नका!"

"नाक हाय ते," तात्या म्हणाले.

दुपारी ती मंडळी वडापने कऱ्हाटीला गेली. मी हायवेवर पुण्याची गाडी पकडली. भिगवण गेलं, ऊस विरळ झाला. इतकी वर्षं मावशी मला रागीट, कुटुंबाला सोडून कुठल्याशा गावात जाऊन बसलेली बाई वाटायची. आम्ही घरात तसंच बोलत आलो. घरी पोचल्यावर संध्याकाळी तिच्या नावाचा दिवा लावला. आईने विचारलं, "तिथे तिचं कुणी होतं का गं?"

मी म्हटलं, "गाडीत बसायला जागा नव्हती, आई."