धोंड्याच्या महिन्यातली गोळी

२९ फेब्रुवारी. सकाळचं काम एकच होतं. कुत्रीला स्कूटरवर घालून सेवाग्रामहून वर्ध्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यायचं आणि तिचं रक्त तपासून आणायचं. सासूबाई माझ्या आधीच तयार होऊन दारात उभ्या. "मीबी येतो. मागं बसून धरतो तिले." एरवी स्कूटरचं नाव काढलं की त्यांची कंबर दुखते.

त्यांना यायचंच होतं, कारण चूक त्यांची होती. डास चावला की कुत्र्याच्या अंगात जंतांची पिल्लं शिरतात आणि वाढत वाढत हृदयात जाऊन बसतात. ती लहान असतानाच मरावीत म्हणून दर महिन्याला एक गोळी द्यायची असते. गेल्या पावसाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने नागपूरला होते. गोळ्या सासूबाईंकडे सोपवल्या. इंग्रजी तारखा त्यांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून त्यांनी अमावास्या धरली. ऑगस्टअखेर परत आले, तर पाकिटात एक गोळी जास्त.

"आई, ही काऊन उरली?"

"धोंड्याचा महिना होता न बाई. तो काई मोजत नाईत."

अधिक महिन्यात लग्न नाही, मुंज नाही, घरभरणी नाही. जावयाला अनारसे तेवढे द्यायचे. कुत्रीची गोळीही त्यातच गेली.

डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळी आज लगेच द्या. पण मधल्या काळात जंत वाढले असतील तर सहा महिन्यांशिवाय तपासणीत कळणार नाही. निघालेच, तर इंजेक्शनं आणि कित्येक महिने साखळी. पळणं बंद. आमची कुत्री तर शेजारच्या कोंबड्यांमागे पळण्यासाठीच जन्मलेली. त्या सहा महिन्यांत ती नुसती खोकली तरी सासूबाई गॅसवरची पोळी सोडून बाहेर यायच्या.

डॉक्टरांनी तिच्या पुढच्या पायातून थोडं रक्त घेतलं आणि तपासणीच्या पट्टीवर थेंब टाकले. दहा मिनिटं थांबायचं होतं. सासूबाईंनी पट्टीवरून नजर हलवली नाही.

"एकच रेघ. जंत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "पण आजी, मच्छर काई पंचांग पाहून चावत नाई हो."

सासूबाईंच्या जिवात जीव आला, तशी जीभही परत आली. "आज तारीख कोणती हाये, डॉक्टरसाहेब?"

"एकोणतीस."

"फेब्रुवारीले एकोणतीस? मंग तुमच्यातबी अधिक अस्तेच न!"

डॉक्टर हसत सुटले. परतताना स्कूटरवर मागून हेच वाक्य मला तीनदा ऐकावं लागलं.

दुसऱ्या दिवशी एक तारीख. सकाळी उठून मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या प्रत्येक पानावर एक तारखेच्या चौकटीत लाल पेनने कुत्र्याचं तोंड काढलं. मग गोळी पोळीच्या तुकड्यात घालून सासूबाईंच्या हातात दिली, आणि कुत्रीने ती गिळेपर्यंत दोघी तिथेच उभ्या राहिलो.