मोटारसायकल कोण चालवत होतं?

नाशिक जिल्ह्यात उभी नोकरी काढली. खून पाहिले, दरोडे पाहिले. पण देवळ्याजवळच्या त्या अपघाताची आठवण निघाली की मला अजून हसू येतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा फौजदार होतो.

दुपारी पोलीस पाटलाचा फोन आला. "साहेब, लवकर या. मोटारसायकल जीपला धडकली. नवराबायकोला दवाखान्यात नेलंय, आन् लोक जीपवाल्याला सोडत नाय."

पोचलो तर रस्ता लख्ख! आमच्याकडची माणसं भारी मायाळू. जखमींना उचललं, गाड्या कडेला लावल्या, आणि कुणाचं टायर फुटू नये म्हणून काचासुद्धा झाडून टाकल्या. आता पंचनामा करू कशाचा, डोंबलाचा? कोणती गाडी कुठे होती हे सांगणारं काहीच जागेवर उरलं नव्हतं.

जीपचा ड्रायव्हर बागलाणातला तरुण गडी. घाबरून अहिराणीवर आला होता. "मनी काय चूक शे, साहेब? त्यांची गाडी डुलत येत व्हती म्हून मी जीप कडेला उभी केली. उभ्या जीपवर आले ते!" लोकांचा विश्वास नव्हता. केस उभी राहिली तर लायसन जाणार, जीपमालक हाकलणार, आणि वर शिक्षा.

दवाखान्यात गेलो. नवरा शाळामास्तर, नाक फुटलेलं, पाय प्लास्टरमध्ये. शेजारच्या खाटेवर बायको, सरकारी नर्स. तिची दोन्ही मनगटं प्लास्टरमध्ये. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मास्तर मात्र धडाधड बोलत सुटला. "गाडी मीच चालवत होतो, साहेब. साठचा स्पीड होता. ही मागे एका बाजूला बसलेली, नेहमीसारखी. जीपच आमच्या अंगावर आली."

न विचारता एवढं सांगणारा माणूस भेटला की मी पेन खाली ठेवतो.

धडक झाली की गाडी थांबते, माणूस थांबत नाही. काहीतरी आडवं येईपर्यंत तो गाडीच्याच वेगाने पुढे जातो. म्हणून मागचा पुढच्यावर आदळतो. आणि वेग दुप्पट झाला की दणका दुप्पट नाही, चौपट होतो. साठच्या वेगाने समोरून आलेल्या जीपला धडकला असता, तर मास्तर माझ्याशी बोलायला उरला नसता. शिवाय एका बाजूला बसलेली बाई सहसा एका अंगावर पडते. दोन्ही मनगटं अशी सारखी मोडतात ती बहुधा हँडल घट्ट धरणाऱ्याची.

मास्तरच्या गालावर दोन बारीक, खोल टोचे होते. मी त्याच्या बायकोला विचारलं, "ताई, डोक्याला मागून लागलंय का?"

तिने होकारार्थी मान हलवली. अंबाडा सुटला होता आणि त्यातला दोन टोकांचा आकडा पार वाकला होता.

"मास्तर," मी म्हटलं, "बायको मागे बसली होती ना? मग तिच्या अंबाड्यातला आकडा तुमच्या गालात घुसला कसा? उलटं तोंड करून गाडी चालवत होता काय?"

मास्तर लाजला. मग हात जोडून म्हणाला, "साहेब, माझंच नाव लावा. वाड्यावस्त्यांवर लस द्यायला हिची पायपीट होते, म्हणून मी गाडी शिकवत होतो. कडेला उभी जीप दिसली आणि हिने ब्रेकऐवजी रेस पिळली. लायसन नाही. हिची नोकरी गेली तर?"

"अहो, गप्प बसा!" बाई पहिल्यांदाच बोलली. "साहेब, मीच चालवत होते. त्या जीपवाल्यालाही घरदार असेल की!"

"हिला गाडीवर मी बसवलं. गुन्हा माझा."

"तुमचा कसा? हँडल माझ्या हातात होतं!"

गुन्हा दुसऱ्यावर ढकलणारे मी रोज पाहत होतो. आपल्याकडे ओढणारे हे पहिलेच. मला दोघांचा इतका लळा लागला म्हणून सांगू! पण कारवाई दोघांवर केली. ती करावीच लागते. दंडावर भागलं, नोकरीही टिकली. खोटं बोलणारा दरवेळी स्वतःलाच वाचवत असतो असं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि मायेपोटी बोललेलं खोटंही तिसऱ्याच माणसाला कोठडीत पाठवू शकतं, हेसुद्धा.

त्याच दिवशी ड्रायव्हरला सोडलं तर तो तडक दवाखान्यात निघाला. मारामारी व्हायची, म्हणून मीही मागोमाग गेलो. बाई म्हणाली, "दादा, चुकले मी."

"ताई, समोर जीप आली का जीपकडं बघायचं नाय," तो म्हणाला. "मोकळ्या रस्त्याकडं बघायचं. जिकडं नजर, तिकडंच गाडी जाती."

मास्तर डोळे पुसत होता, मान वर करेना. ड्रायव्हर त्याच्या खाटेपाशी गेला, टेकला आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "मास्तर, रडू नका. माझ्या बायकोसाठी मी बी असंच खोटं बोललो असतो."