चार बोटं ऊब

आमच्या आक्काला सरकता येत नसे. हातपाय चांगले धडधाकट होते, भातलावणीत तिघींचं काम ती एकटी उरकायची. पण एकदा चुलीशेजारी भिंतीला पाठ लावून बसली, की कुणासाठी जागा करणं तिला जमायचं नाही. पावसात भिजून कुणी आत आलं की मोठ्या प्रेमानं म्हणायची, "ये, बस हितं. सरकते मी." आणि सरकायचीही. मोजून चार बोटं. चार बोटांत मांजरसुद्धा बसलं नसतं. आलेलं माणूस हसायचं आणि दाराकडं, वाऱ्याच्या तोंडाशी बसायचं. आक्का नुसती 'ये' म्हणाली तरी म्हणे बरं वाटायचं लोकांना. मला कधी वाटलं नाही.

आक्का माझी थोरली जाऊ. तोंडावर मी तिला 'तुम्ही' म्हणायचे, मनात 'ती'. इथं मनातलंच लिहिते आहे, तेव्हा आधीच कबूल करून टाकते: पस्तीस वर्षं मी तिच्यावर जळले. ती वाईट होती म्हणून नव्हे. वाईट असती तर सोपं गेलं असतं, चारचौघींत बोलता तरी आलं असतं. हा जळफळाट शेवटी गोठ्यात सॉना बसवायचा की नाही, या प्रश्नावर येऊन ठेपला, आणि तिथं मी जे केलं ते मला अजून गिळता आलेलं नाही.

मी भोरची. नगरपालिकेच्या नळाचं पाणी प्यायलेली, डीएड झालेली, लग्नाआधीच शाळेत लागलेली. वेल्ह्याजवळच्या या गावात सून होऊन आले तेव्हा वाटलं होतं, शिकलेली सून म्हणून घरात आपला शब्द चालेल. आक्का चौथीपर्यंत शिकलेली. पण बी कधी टाकायचं, पाहुण्यांना काय करायचं, कुणाच्या लग्नाला कुणी जायचं, सगळे तिला विचारायचे. सासूबाई तर मी काही सांगितलं की मान हलवायच्या आणि मग चुलीकडं बघून म्हणायच्या, "तुला काय वाटतंय गं?" आक्का फुंकणी खाली ठेवायची, थोडा विचार करायची आणि बहुतेक वेळा माझंच म्हणणं पुन्हा सांगायची. तिनं सांगितलं की ते सगळ्यांना पटायचं.

आमच्याकडचा पाऊस ज्यानं काढला नाही त्याला चुलीजवळच्या जागेची किंमत कळायची नाही. तोरण्यावर ढग बसला की चार महिने उठत नाही. अंथरुणं दमट, मीठ ओलं, शाळेतून येईपर्यंत माझ्या पदराचं पाणी टाचांवर ठिबकायचं. चुलीवर बांबूच्या कामट्यांचं डालगं उपडं घालून आक्का त्यावर पोरांचे कपडे वाळवायची. माझंही लुगडं वाळवायची, घडी करून हातात द्यायची. लुगडं गरम असायचं आणि मी गार. त्या भिंतीला एकदा तरी पाठ लावून बसावं, एवढीच माझी इच्छा असायची. "आक्का, मला बसू द्या," असं मी कधी म्हटलं नाही. शिकलेल्या सुनेनं जागा मागायची नसते, असा माझा ताठा होता.

वरच्या धनगरवाड्यातून एक म्हातारबा दरवर्षी घोंगडी घेऊन यायचा. एका वर्षी त्यानं कोवळ्या लोकरीची, हाताला मऊ लागणारी घोंगडी आणली. आम्ही दोघी ओट्यावर उभ्या होतो. मी हात पुढं केला, तेवढ्यात त्यानं ती आक्काच्या खांद्यावर टाकली. "आक्का, ही तुमच्यासाठीच इणलीया." मग माझ्याकडं बघून समजूत घातल्यासारखा म्हणाला, "बाईस्नी काय, शाळा पक्की हाय. तितं थंडी न्हाई." त्या शाळेचं छप्पर तीन ठिकाणी गळत होतं. तो आठवडा मी आक्काशी कामापुरतंच बोलले. तिला ते कळलंसुद्धा नसावं, किंवा कळून तिनं मनावर घेतलं नसावं. दोन्हींचा मला सारखाच राग यायचा.

खरा काटा मात्र अमोलचा होता. माझा मुलगा. मी शाळेत, म्हणून दिवसभर तो आक्काकडं. तिच्या धाकट्या दिनेशबरोबर तिथंच जेवायचा, तिथंच झोपायचा, तिला 'मोठी आई' म्हणायचा. चार वर्षांचा असताना त्याला सणकून ताप भरला. मी रजा टाकून त्याला मांडीवर घेऊन बसले होते. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं नीट पाहिलं आणि म्हणाला, "मोठ्या आईकडं दे." मी दिला. आक्कानं त्याला घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ घेतला आणि मला म्हणाली, "तू बी ये गं शैला, सरकते मी." चार बोटं सरकली.

पुढं गॅस आला. मनात म्हटलं, आता बघू. चूल गेली की सिंहासन गेलं. आक्कानं गॅसवर स्वयंपाक आनंदानं सुरू केला आणि न्हाणीच्या पाण्याचं चुलाण मागच्या अंगणात मांडलं. भिंत तीच होती, फक्त आता आक्का बाहेरून पाठ लावून बसायला लागली. मी विचारलं, "आक्का, तुम्हाला धुराचा त्रास नाही होत?" ती म्हणाली, "व्हतो की. पर ऊब फुकट कुठं मिळती?"

यथावकाश सासूबाई गेल्या, दोन्ही भावांची स्लॅबची घरं झाली. अंगण आणि गोठा तेवढा सामाईक राहिला. जनावरं विकल्यावर गोठा रिकामाच होता.

दिनेश फर्निचरचं काम करतो, नसरापूरजवळ घर बांधून राहतो. तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो टेम्पो घेऊन अंगणात आला. मागं पिवळसर लाकडाच्या फळ्या, एक काचेचं दार आणि लोखंडी पेटीभर दगड. पालीकडच्या कुठल्याशा फार्महाउसमध्ये पुण्याच्या मालकानं सॉना करून घेतला होता. घर विकलं, नव्या मालकाला नको होता, काढून घेऊन जा म्हणाला. दिनेशनं समजावून सांगितलं: लाकडाची बंद खोली, आत दोन फळ्या बसायला, एक खाली, एक वर. विजेवर दगड तापवायचे, वर चमचाभर पाणी शिंपडायचं. वरच्या फळीवर ऊब जास्त.

आक्कानं सगळं शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. "आत किती येळ बसू देत्यात?"

"धा-पंधरा मिनटं."

"लई कमी," आक्का म्हणाली.

जागा एकच होती, गोठा. तो निम्मा आमचा. दिनेश लगेच मापं घ्यायला निघाला, तर आक्कानं त्याला थांबवलं. "शैला व्हय म्हणली तर लाव." मग त्याला चहाला आत पाठवून ती माझ्याजवळ आली. लावणीच्या चिखलात उभं राहून राहून तिच्या पायांची बोटं वाकडी झाली होती, चालताना ती भिंतीला हात लावायची. म्हणाली, "शैला, आजपतूर मला काय मागावंसं वाटलं न्हाई. ह्ये वाटतंय बग. उबंची हाव हाय मला, दुसरी कशाची न्हाई. तुला चालंल का?"

पस्तीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा काही मागितलं होतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? वरच्या फळीवर भिंतीला पाठ लावून बसलेली आक्का, अंगणात बघायला जमलेलं गाव, आणि "ये गं शैला, सरकते मी." मी म्हणाले, "विचार करून सांगते, आक्का."

"कर. घाई न्हाई."

विचार कसला करायचा होता? कारण शोधायचं होतं. विजेचं बिल काढून बघितलं, ते तिच्या मीटरवर येणार होतं. लोक हसतील म्हणावं, तर लोक तिला कधीच हसत नसत. मग वेल्ह्याला डॉक्टरांकडं गेले आणि विचारलं, पासष्टीच्या बाईला, बीपीची गोळी चालू असताना, असल्या भट्टीत बसवणं बरं का? डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "एकदम नको. आधी मला तपासू द्या. बीपी आटोक्यात असेल तर पाच-दहा मिनिटं, खालच्या फळीवर, सोबत कुणीतरी हवं. चालेल."

मी एसटीनं परत आले. उतरल्या उतरल्या आक्का चुलाणाशी दिसली. मी म्हणाले, "डॉक्टर नको म्हणाले."

त्यांनी 'नको' म्हटलं होतंच. पुढचं मी गिळलं.

आक्कानं माझ्याकडं पाहिलं. "तू शिकलेली, तुला कळतंय. ऱ्हाऊ दे मग." फळ्या प्लॅस्टिकखाली गोठ्यात गेल्या. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. कधीकधी दुपारी ती गोठ्यात जाऊन प्लॅस्टिक उचलायची, एका फळीवरून हात फिरवायची आणि बाहेर येऊन म्हणायची, "वास झ्याक हाय लाकडाला." मी वही तपासत असल्यासारखी मान खाली घालायचे. तेव्हा मी रिटायर झाले होते, वह्या कुठल्या असणार? जुनाच गठ्ठा होता.

गेल्या हिवाळ्यात दिनेश तिला नसरापूरला घेऊन गेला. वेल्ह्याच्या स्टँडवर मी सोडायला गेले होते. खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "त्या फळ्यांस्नी वाळवी लागू देऊ नगं." मला वाटलं, आता सांगावं. कंडक्टरनं बेल मारली. माघात ती झोपेतच गेली. तिथंही तिनं आधी नंबर लावला, हे माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू?

तेराव्यानंतर दिनेश गोठ्यात उभा राहून म्हणाला, "काकू, ह्या फळ्या इकून टाकू का?" तेव्हा माझ्यानं राहवेना. डॉक्टर काय म्हणाले होते ते मी त्याला शब्दन् शब्द सांगितलं. वाटलं, ओरडेल, निदान तोंड फिरवेल. तो फळीवरची धूळ पुसत राहिला.

"आईला ठाऊक व्हतं, काकू. गुडघं दाखवायला त्याच डाक्टरकडं गेलती. त्यांनीच इचारलं, सॉना बसवला का म्हणून."

"मग मला बोलली का नाही?"

"मी बी तेच म्हनलं. तर म्हणली, शैलाला न्हाई म्हणायला जड गेलं आसंल, म्हणून डाक्टरला मधी घातलं. तिला इचारू नगं."

 एवढं माहीत असून दोन पावसाळे ती माझ्यासमोर चुलाणाशी बसली, माझे कपडे वाळवले, "तू शिकलेली" म्हणत राहिली. हे मला कधीच जमलं नसतं. म्हणजे इथंही तीच वरचढ. रडता रडताही मला तिचा हेवाच वाटत होता.

मी दिनेशला म्हणाले, "विकू नकोस. लाव."

यंदा मृगाच्या आधी सॉना उभा राहिला. वायरमननं दोनदा येऊन लोड बघितला, गावातली माणसं दोन दिवस बघून गेली. मी डॉक्टरांना आधी दाखवून आले आणि या वेळी त्यांचं सगळं ऐकलं. खालच्या फळीवर बसायचं ठरलं होतं. पण पहिल्याच दिवशी मी वर चढले, भिंतीला पाठ लावली. लाकूड पाठीला असं लागलं की डोळे मिटले. पस्तीस वर्षं हवी होती ती जागा मिळाली. उठावंसं वाटेना.

मागच्या आठवड्यात धो धो पावसात शेजारची सोनाबाई लावणीवरून आली, ओठ निळे पडलेले. मी दार उघडून हाक मारली, "ये गं सोने, बस इथं. सरकते मी." ती पदर पिळत आत आली आणि माझ्या बाजूला बघून तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मी खाली पाहिलं. मी सरकले होते. चार बोटं.

"आगं बया," सोनाबाई म्हणाली, "आक्काच की हुबेहूब!"

माझ्या भाकरीला, माझ्या बोलण्याला, माझ्या शिकवण्याला हे कुणी कधी म्हटलं नव्हतं. आक्कासारखी म्हणून मला आयुष्यात एकदाच कुणीतरी म्हटलं, आणि ते तिला जाऊन सांगावं, तर चुलाणाशी ती नव्हती. मी उठले, खालच्या फळीवर आले आणि सोनाबाईला भिंतीशी बसवलं.