तेरवीचा हार आणि माझं कमिशन

चहा टाकलाच आहे, तर तो उकळेपर्यंत माझ्या इंटरनेटवरच्या धंद्याची हकीकत ऐकून घ्या. हसू येईल तुम्हाला. मलाही अर्ध्यापर्यंत येतं. पुढे मात्र, इतकी वर्षं झाली तरी, मान खालीच जाते.

मी तेव्हा वर्ध्याला एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो. नवं शतक नुकतंच लागलं होतं. घरात हप्त्यावर घेतलेला कॉम्प्युटर, टेलिफोनच्या तारेवर चालणारं इंटरनेट, आणि कुठल्याशा मासिकात वाचलेला लेख की लोक म्हणे घरबसल्या वेबसाइटी काढतात आणि डॉलरमध्ये कमावतात. झालं! मी एक सोडून तीन साइटी काढल्या. एक बाळांच्या नावांची, एक वर्ध्याहून सुटणाऱ्या एसटीच्या वेळापत्रकाची, आणि एक आमच्या हिच्या, म्हणजे रेखाच्या, पाककृतींची. हिला न विचारता, अर्थात. रेखा पाटवडी करताना मी स्वयंपाकघरात कधी पाऊल ठेवलं नव्हतं, पण कृती ठोकून दिली. कोणी त्याबरहुकूम करून बघितली असेल तर त्याची इथेच माफी मागतो.

आता यात पैसे कुठून येणार? तर जाहिरातीतून. तुमच्या साइटवर एखाद्या कंपनीची लिंक लावायची. वाचणाऱ्यानं त्यावरून जाऊन त्या कंपनीकडून काही विकत घेतलं, की आपल्याला कमिशन. घेतलं नाही, तर काही नाही. मी एका भेटवस्तू पोचवणाऱ्या कंपनीशी सूत जुळवलं. परदेशातल्या माणसानं ऑर्डर द्यायची, ते इथे भारतात घरपोच फुलं, मिठाई, केक नेऊन देणार. कंपनीच्या पानावर माझं खातं होतं, त्यात विक्रीचा आकडा दिसायचा. मी रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी तो बघायचो. शून्य. मग तोंड धुवायचो.

माझे सासरे देवळीचे. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. एकदा मोठ्या उत्साहानं मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "माल कोनाचा?"

"कंपनीचा."

"गिऱ्हाईक कुठचं?"

"अमेरिकेचं वगैरे."

"मंग तुमी कोन?"

म्हटलं, "बाबा, कापसाच्या बाजारात अडत्या असते ना, तसा मी."

"अडत्याले कापूस तरी पाहाले भेटते, जवाईबापू," ते म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला साड्या दाखवायला वळले. माणूस असा होता. टोमणा मारायचा, पण मला परत जाताना शर्टाचं कापड बांधून दिल्याशिवाय कधी सोडलं नाही.

ते एका दुपारी दुकानातच बसल्या बसल्या गेले. आजार नाही, काही नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रशांत, म्हणजे माझा साळा, तेव्हा अमेरिकेत होता. नोकरी नवी, व्हिसाचे कागद अडकलेले. तिथून एकदा निघाला असता तर परत आत घेतील याचा भरवसा नव्हता. तो येऊ शकला नाही. अग्नी चुलतभावानं दिला. प्रशांत फोनवर लहान पोरासारखा रडत होता, आणि माझी सासू त्यालाच समजावत होती की तू नोको येऊ, बाबांलेही हेच चाललं असतं.

त्यानं मला एकच काम सांगितलं. बाबांचे जुने-नवे फोटो, अंत्ययात्रेला कोण कोण आलं, दुकानाची पाटी, सगळं एका पानावर टाका भाऊजी, म्हणजे मी इथून पाहू शकीन. मी ते केलं. मनापासून केलं, खोटं सांगत नाही. करता करता दोनदा डोळे पुसले. आणि पान पुरं झाल्यावर उजव्या कोपऱ्यात त्या फुलं-केकवाल्या कंपनीची लिंक लावली.

का लावली? अहो, सवय. आणि खरं सांगायचं तर मनात आलं की प्रशांतचे मित्र, तिकडचे नातेवाईक, सगळे हे पान उघडणार आहेत. सासरा गेल्याचं दुःख एका बाजूला होतं, आणि दुसऱ्या बाजूला तो शून्याचा आकडा होता.

तेरवीच्या तीन-चार दिवस आधी प्रशांतचा फोन आला. आम्ही दोघं वर्ध्याच्या घरी होतो. रेखा शेजारीच बसून तांदूळ निवडत होती.

"भाऊजी, एक करजा माह्यासाठी. तेरवीले बाबांच्या फोटोले माह्या नावाचा एक हार टाकजा. मोठा पाह्यजे. पैसे मी धाडतो."

आता बघा. देवळीत सासऱ्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच फुलवाला बसतो. त्याला फक्त सांगायचा अवकाश होता. "टाकतो रे" एवढं म्हणून फोन ठेवला असता तर आज ही गोष्ट नसती. पण मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "प्रशांत, मी आनला तं तो माहा हार होईन. तू सोता तिथून धाडला तं तो तुहा. बाबांच्या पानावर कोपऱ्यात लिंक आहे बघ. त्याच्यावरूनच कर."

"बराबर म्हनता भाऊजी," तो म्हणाला.

रेखानं तांदळातून मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खात्यात शून्याच्या जागी एक आला होता. कंपनीची इंग्रजीतून मेल पण होती. अभिनंदन, आपली पहिली विक्री! मी तोंड न धुता तसाच बसून राहिलो. लाज वाटून नव्हे हो, आनंदानं.

आणि मग माझ्या अंगात काय शिरलं कोणास ठाऊक. देवळीला जाऊन मी सगळ्यांना सांगत सुटलो की प्रशांतचा हार थेट अमेरिकेहून येतोय, इंटरनेटवरून. तेरवीच्या दिवशी तर कहर केला. लोकांनी आणलेले हार मी फोटोला घालूच दिले नाहीत. सगळे एका खुर्चीवर रचून ठेवले. म्हटलं, पहिला मान मुलाचा. गुरुजी दोनदा खाकरले. पंगत खोळंबली. आचारी येऊन विचारून गेला की भाजी निवून राह्यली, काय करायचं. माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना मोठेबाबा म्हणत, ते काठी टेकत फोटोपाशी आले.

"हार पायी येऊन राह्यला काय, अमेरिकेहून?"

"निघाला आहे मोठेबाबा. येतेच."

सासूबाई फोटोसमोर बसून होत्या. दर थोड्या वेळानं दाराकडे बघायच्या. पोराचा हात तर येणार नव्हता, त्याचा हार तरी यावा, एवढीच त्यांची आस होती. ते मला दिसत होतं. आणि मी मनातल्या मनात आपली पाठ थोपटत होतो, हे आज आठवलं की नको वाटतं.

शेवटी मोटारसायकल आली. वर्ध्याहून एक माणूस, हातात पुठ्ठ्याचा चौकोनी डबा.

"प्रशांत साहेबांची ऑर्डर," तो म्हणाला.

मी वाजतगाजत म्हणावं तसा तो डबा मांडवातून फोटोपर्यंत नेला. माणसं उठून उभी राहिली. सासूबाईंनी पदर सावरला. मी झाकण उघडलं.

केक होता.

बदामाच्या आकाराचा, गुलाबी क्रीमचा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं, "सॉरी बाबा. लव्ह, प्रशांत." बाजूला प्लास्टिकची सुरी आणि मेणबत्त्यांचं पाकीट.

मी त्या माणसाला बाजूला ओढलं. तो बिचारा म्हणाला, "आमाले नागपूरवरून फोन आला साहेब. देवळीले फुलं पोचवाची सोय नाई, तेवढ्याच किमतीचा केक द्या म्हनले. चिठ्ठीवर लिवाचं होतं ते आमी वरतीच लिवून देल्लं. बिनाअंड्याचा आहे, तेरवी आहे म्हनून आमी मुद्दाम..."

बेकरीवाल्यालासुद्धा तेरवीचं भान होतं, बघा.

इकडे मोठेबाबांचा आवाज चढला. "बाप मेला अन् पोरगा केक धाडते! वाढदिवस आहे काय हा? अमेरिकेत जाऊन हेच शिकला? याच्यापरीस काईच नसतं धाडलं तं बरं झालं असतं."

मागून बायकांची कुजबुज सुरू झाली. आलाही नाही, आणि वरून हे. सासूबाई केककडे बघत बसल्या होत्या. त्या पोरानं तिथे, परक्या देशात, रडत रडत फुलं निवडली असतील, आणि इथे त्याच्या बापाच्या मांडवात त्याची अब्रू चालली होती. एका वाक्याचं काम होतं. "त्याची चूक नाही, माझी आहे." बस.

मी काय केलं? मी फोटो ज्या खिळ्याला टांगला होता, तो खिळा बघत उभा राहिलो.

बोलली रेखा. "मोठेबाबा, त्याले काई बोलू नोका. प्रशांतनं हारच सांगतला होता. ह्यायले सांगतला होता, फोनवर. माह्यासमोर."

"मंग? देवळीत हार भेटत नाई काय?"

"भेटते. पन त्याच्यात ह्यायचं कमिशन नाई ना."

पंगतीतून कोणीतरी खुदकन हसलं. मोठेबाबा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

सासूबाई उठल्या. खुर्चीवरचे हार त्यांनी एकेक करून स्वतः फोटोला घातले. मग सुरी घेतली, केकचा हा एवढा मोठा तुकडा कापला आणि पत्रावळीवर ठेवून आवाज न चढवता म्हणाल्या, "जवाईबापूले पयले वाढा. त्यायच्याच दुकानातून आलं ते."

सगळ्या गावासमोर मी तो खाल्ला. चवीला चांगला होता हो. हेच तर वाईट.

संध्याकाळी प्रशांतचा फोन आला. सासूबाईंनीच घेतला. "हो बाबू, पोचला. लय मोठा आहे. बाबांच्या फोटोले घातला, पुरा फोटो झाकून गेला." हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मग मला फोन दिला. "भाऊजी," प्रशांत म्हणाला, "तुमच्यामुळे झालं. त्याचा एक फोटो टाकजा बाबांच्या पानावर."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गल्लीच्या तोंडाशी गेलो, फुलवाल्याकडचा सगळ्यात मोठा हार घेतला, सासऱ्यांना घातला आणि फोटो काढला. वर्ध्याला आल्यावर तो पानावर टाकला, कोपऱ्यातली लिंक काढली आणि कंपनीचं खातं कायमचं बंद केलं. बाकीच्या साइटीही मग हळूहळू आटोपत्या घेतल्या. माझ्या धंद्याची एकूण विक्री एक.

वाटलं, संपलं. कुठचं संपतंय! पुढच्या वर्षी बाबांच्या श्राद्धाला पुन्हा ती मोटारसायकल, पुन्हा तोच डबा. प्रशांतनं त्याच कंपनीकडे ऑर्डर दिलेली. मी पुन्हा पळत जाऊन हार आणला, फोटो काढला, पानावर टाकला. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. दर वेळी ठरवायचो की यंदा त्याला खरं सांगून टाकू, आणि दर वेळी सासूबाई आधीच फोनवर सांगून मोकळ्या व्हायच्या की हार पोचला बाबू. केकचा पहिला तुकडा दर वर्षी मला. तो नियमच झाला.

शेवटी व्हिसाचं सगळं मार्गी लागलं आणि प्रशांत श्राद्धाला स्वतः देवळीला आला. हार त्यानं सकाळी आपल्या हातानं आणून घातला होता. तरी दुपारी डबा आलाच. मी म्हटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही. त्याला बाजूला बसवलं आणि तेरवीपासून सगळं ओकून टाकलं. लिंक का दाखवली तेही. मोठेबाबा त्याला बोलत असताना मी गप्प उभा होतो तेही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "मले त्याच दिवशी माहीत झालतं भाऊजी. कंपनीची मेल आलती, फुलं नाई, केक देल्ला म्हनून."

"अन् तरी फोनवर..."

"आई म्हने हार पोचला. आता तिले खोटं कसं पाडाचं? दुसऱ्या दिवशी तुमी फोटो टाकला, तवा समजलो का तुमी सोता आनून घातला."

मी म्हणालो, "मंग दरसाली पुन्हा त्यायच्याकडेच काऊन ऑर्डर देतो बाबा?"

"हार तं तुमी घालताच. आईलेही आता केक आवडते." तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अन् तुमची ती लिंक मी जपून ठेवली आहे. तेवढंच तुमाले कमिशन. भेटते ना बराबर?"

तेवढ्यात सासूबाई ताटलीत पहिला तुकडा घेऊन आल्या.

खातं बंद केल्याचं गिळलं आणि म्हटलं, "भेटते."

काय करता? केक अजून येतोच आहे.