गाय तशी बाय

सुनंदा आमच्या शेजारी सून म्हणून आली ती एकोणनव्वद साली. तिच्या मागोमाग तिच्या बापाने दाव्याला धरून एक कालवड आणली. बाप म्हणजे चांगोदादा, उरणकडच्या मिठागरांवर जन्म गेलेला माणूस. मुलीला आंदण म्हणून कालवड द्यायची त्यांची रीत. गोठ्यात आणखीही कालवडी होत्या, पण त्यांनी मुद्दाम ही निवडली, कारण ती जुळ्यातली होती, खोंडाच्या पाठीला पाठ लावून जन्मलेली.

"जुळ्यातली हाय. दुप्पट बरकत हाय हिच्यात," ते मांडवात ज्याला त्याला सांगत होते.

सुनंदाची सासू गंगाबाई. त्यांनी सुनेच्या आधी कालवडीला हळदकुंकू लावलं. तेव्हा आम्ही सगळ्या हसलो होतो. आता ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

तीन पावसाळे गेले. सुनंदाला दिवस राहिले नाहीत आणि कालवड काही माजावर येईना. गंगाबाईंनी कालवडीला या वळूकडे नेलं, त्या वळूकडे नेलं. वळू हुंगायचे आणि तोंड फिरवायचे. उलट हीच दुसऱ्या गायींवर चढायला बघायची. मान जाड झाली, कास मुठीएवढीच राहिली, हंबरली की बैलच हंबरल्यासारखं वाटायचं.

मग गंगाबाईंनी ते वाक्य काढलं. "गाय तशी बाय. एकाच घरातला माल." आळीला काय, आयतंच मिळालं. सुनंदा नळावर आली की मागून कुणीतरी हळूच म्हणायचं, "गाय तशी..." आणि बाकीच्या खिदळायच्या. सुनंदा हंडा भरायची आणि जायची. तिचा नवरा अंकुश एका शब्दाने कुणाला गप्प करत नव्हता. मी रोज देवीपुढे दिवा लावते, कुणाचं वाईट चिंतत नाही. पण त्या माणसाचं तोंड बघितलं की माझा जप चुकायचा.

ब्याण्णवच्या सुमाराला कळलं, कोन गावात अंकुशसाठी दुसरी मुलगी बघितली आहे. सुनंदाला विचारलं नव्हतं, नुसतं कानावर घातलं होतं. तिला राहायचं असेल तर राहावं, शेण-झाडलोट करावी. नाहीतर बापाकडे जावं.

पण गंगाबाईंना नुसतं एवढं पुरणार नव्हतं. बापाला चारचौघांत खाली बघायला लावायचं होतं. त्यांनी चांगोदादांना बोलावून घेतलं, आळीतली मोठी माणसं ओट्यावर बसवली आणि जनावरांचा डॉक्टर आणला. त्याने सगळ्यांसमोर गाय वांझ म्हणायची, म्हणजे पुढचं आपोआप झालं.

डॉक्टर तरुण होता. त्याने कोपरापर्यंत हातमोजा चढवला, गाय तपासली, हात धुतला आणि पहिलंच विचारलं, "ही जुळ्यातली का? बरोबर खोंड होता?"

"व्हय. म्हणून तर दिली," चांगोदादा म्हणाले.

"तिथेच चुकलं, काका. ही पोटात असतानाच अशी झाली. दोघांची वार, नाळ जिला चिकटते ती, एकमेकींत जुळते, भावाचं रक्त बहिणीच्या अंगात जातं आणि तिचं अंडाशय नीट घडतच नाही. ती धड गाय होत नाही, धड बैलही नाही. खोंडाबरोबरच्या दहांतल्या नऊ कालवडी अशाच निघतात."

"डोक्यात काय बिघाड असंल तिच्या," ओट्यावरून कुणीतरी म्हणालं.

"डोक्यातलं तर शाबूत आहे," डॉक्टर म्हणाला. "मेंदूच्या खाली, हाडाच्या खोबणीत, देठाला लोंबणाऱ्या छोट्या सुपारीसारखी एक ग्रंथी असते. तिचा पुढचा भाग अंडाशयाला हुकूम देतो, माजावर ये म्हणून. मागच्या भागातून पान्हा सोडायचा हुकूम जातो. हिची ग्रंथी आपलं काम करत असणार. पण हुकूम ऐकायला खाली कुणी नाही. यात गायीचा काय दोष?"

मला वाटलं, संपलं. पण गंगाबाई कसल्या थांबतात! "ऐकलात ना? वांझ ती वांझच. चांगोनं जाणून दोनी वांझोट्या आमच्या दारात बांदल्या!"

तेव्हा सुनंदा दारातून पुढे आली. डोक्यावरचा पदरही तिने नीट केला नाही.

"आत्या, या गायीला वळू दाखवलेत, औषध चारलंत, डाक्तर आणलात, तवा वांझ म्हनलात. मला काय दाखवलंत? नुसतं बोट दाखवलंत."

"तोंड आवर!" अंकुश उठला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला आवाज फुटला, आणि तो असा.

"चला ना मंग. दोघं दवाखान्यात जाऊ, आजच. माझ्यात निघालं तर मीच कोनला जाऊन तुमची सुपारी फोडीन."

"मरदाला कुणी तपासतंय काय गो?" गंगाबाई ओरडल्या.

डॉक्टर पिशवी आवरत होता. मान वर न करता म्हणाला, "आम्ही वळू आधी तपासतो."

ओट्यावर एक जण फस्सकन हसला आणि लगेच खोकल्याचं सोंग करू लागला. अंकुश घरात गेला आणि त्याने आतून कडी घातली. दवाखान्यात तो त्या दिवशी गेला नाही, आणि नंतरही कधी नाही.

सुनंदाने बापाच्या हातात गायीचं दावं दिलं. "तुमी हिला घेऊन व्हा पुढं. मी येते." आणि ती गेली थेट कोनला, त्या मुलीच्या दारात. मुलीची आई भांडायच्या तयारीतच बाहेर आली. सुनंदा म्हणाली, "मी भांडायला नाय आले. कालवड देताना माझ्या बापानं नीट बघितलं नाय. तुमी पोरगी देताय. त्याला म्हनावं, आधी तपासून ये, मंगच हळद लावा."

त्या बाईने निरोप धाडला. अंकुश तपासून घ्यायला गेला नाही आणि लग्न मोडलं.

सुनंदा परत आली नाही. नवीन पनवेलला एका पाळणाघरात कामाला लागली, तिथेच एका खोलीत राहते. आमची आळी अजून म्हणते, सुनंदा वांझ. मी विचारते, कुणी तपासलं? मग सगळ्या भाजी निवडायला लागतात.