माझ्या ॲम्पमधला दुसरा गिटारिस्ट

आधी माझ्याबद्दल सांगते. मी जनावरांची डॉक्टर आहे, शेवगावात प्रॅक्टिस करते. गाय आटली की लोक आधी दारात लिंबू-मिरची बांधतात, मग 'बाहेरचं' बघणाऱ्याला बोलावतात, आणि कास दगडासारखी कडक झाली की मला फोन करतात. अशा कितीतरी गोठ्यांत मी भांडलेली आहे. भूत, भानामती, नजर हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं. आजही फिरतं. कुणाला घाबरवायचं म्हणून मी हे लिहीत नाहीये. माझ्याबद्दल आणि एका भल्या माणसाबद्दल जे पसरवलं गेलं, ते ऐकून कान किटले, म्हणून लिहितेय. एकदा नीट वाचा, मग काय बोलायचं ते बोला.

तर... मी गिटार वाजवते. ब्लूज रॉक. शेवगावची जनावरांची डॉक्टर आणि ब्लूज रॉक म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत. नगरला, म्हणजे आता अहिल्यानगरला, आमचा तिघांचा बँड आहे. संदेश बेस वाजवतो आणि गातो, इम्रान ड्रम्सवर. सावेडीतल्या एका कॅफेत आमचे कार्यक्रम होतात, सीझनमध्ये भंडारदऱ्याच्या टेंट कॅम्पवरही बोलावतात.

माझ्याकडे आधी साधा ट्रान्झिस्टरवाला ॲम्प होता, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकरचा खोका. आवाज भरपूर, पण डिस्टॉर्शन लावलं, म्हणजे सूर मुद्दाम फाडला, की पिशवीत डास कोंडल्यासारखा. जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या ॲम्पचं तसं नसतं. तार हळू छेडली तर सूर स्वच्छ येतो, आणि जोर दिला की फाटायला लागतो — रडून घसा बसलेल्या माणसासारखा. ब्लूजला तो फाटणारा सूरच लागतो. मोठा ट्यूब ॲम्प कॅफेत नेला तर त्याचा व्हॉल्यूम दाबूनच ठेवावा लागतो, आणि ट्यूब ताणल्याशिवाय तो सूर येत नाही. म्हणून मला छोटा हवा होता, आवाज पूर्ण चढवला तरी समोरच्याच्या कपातला चहा हिंदकळणार नाही असा.

संदेशचं म्हणणं, "कशाला ते धूड? माझा डिजिटल बॉक्स घे. जगातले सगळे ॲम्प यात आहेत."

"सगळे आहेत, म्हणूनच नको," मी म्हटलं. आमचं यावर बरंच वाजलं होतं.

शेवटी मोबाईलवर एक जाहिरात दिसली. जामखेडचे रंगनाथमास्तर. लग्नाच्या, जयंतीच्या ऑर्केस्ट्रात आयुष्यभर गिटार वाजवलेली, आता वयामुळे बंद. ॲम्प कुठल्या कंपनीचा नव्हता, कुण्या कारागिराने हाताने बांधलेला. मी गिटार घेऊनच गेले. मास्तरांनी पडवीत ॲम्प लावून दिला आणि स्वतः आत जाऊन बसले. तेव्हा मला ते जरा तुसडे वाटले.

ट्यूब तापल्या, मागे नारिंगी उजेड पडला, तापलेल्या धुळीचा वास सुटला. मी ए पट्टीतली एक साधी ओळ वाजवली... आणि हातच थांबेना. आवाज थेट छातीवर येत होता. बोटाचा दाब जरा बदलला तरी त्याला कळत होतं. तासभर वाजवून झाल्यावर मास्तर बाहेर आले. "पसंत हाय का?" एवढंच विचारलं. ॲम्प गाडीत ठेवताना मात्र त्यांनी स्वतः हात लावला.

पुढचे काही आठवडे मी हवेत होते. दवाखान्यातून आले की ॲम्प सुरू. घरी वाजवताना अधूनमधून वाटायचं की मी थांबल्यावरही काहीतरी वाजतंय. स्पीकर जुना आहे, घुमत असेल, म्हणून सोडून दिलं.

मग भंडारदऱ्याचा कार्यक्रम झाला. संध्याकाळची वेळ, धरणाच्या काठाला तंबू, समोर पुण्या-नाशिकची मंडळी खुर्च्या टाकून बसलेली. ब्लूजमध्ये सवाल-जवाब असतो — गिटारवाला एक ओळ वाजवतो, थांबतो, मग तिला उत्तर देतो. मी सवाल वाजवला आणि थांबले. उत्तर मी द्यायच्या आधीच आलं.

माझ्याच ॲम्पमधून. दुसरी गिटार. माझे दोन्ही हात तारांवर सपाट ठेवलेले.

मला वाटलं, भास झाला. पुन्हा सवाल टाकला, मुद्दाम अवघड. पुन्हा उत्तर आलं, आणि काय उत्तर! मला दहा वर्षं रियाज करून सुचलं नसतं असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रम संपल्यावर कॅम्पचा मालक आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचे दुसरे गिटारिस्ट कुठे गेले? जेवायला बोलवा की त्यांना."

संदेश मात्र वायरी गुंडाळत फणकारला, "ट्रॅक लावायचा होता तर आधी सांगायचंस."

"कसला ट्रॅक?"

"रेकॉर्ड केलेला. लोकांना फसवायचंच असेल तर निदान आपल्या बँडला तरी सांगून फसव."

मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. मी मोबाईल त्याच्या हातात दिला, ॲम्पची मागची फळी उघडून दाखवली. आत ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि कोळ्याची जाळी. तरी त्याचा चेहरा तसाच. शेवटी इम्रान बोलला. तो फार बोलत नाही.

"ट्रॅक नव्हता, संदेशभाई. मला पण शंका आली होती, म्हणून मी मधे मुद्दाम लय ढिली केली. तोही ढिला झाला. ट्रॅक थांबतो का कुणासाठी?"

आता वाचकांतले हुशार लोक म्हणतील, जुना ॲम्प आहे, रेडिओ पकडत असेल. पकडतो की. पण रेडिओवरचा माणूस माझ्या सुरात, माझ्या लयीत, मी थांबण्याची वाट बघत वाजवतो का? ट्यूब बदलल्या. केबल बदलली. दुसरी गिटार लावून पाहिली. शेवगावात वाजवलं, नगरमध्ये वाजवलं, जनरेटरवर वाजवलं. उत्तर येतच राहिलं. रोज नाही, पण जेव्हा मी मनापासून वाजवायचे तेव्हा हमखास. आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये ते यायचं नाही. लोकांच्या मोबाईलमध्ये मीच असायचे — एक ओळ वाजवणार आणि मग येड्यासारखी थांबून राहणार.

भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर मजा यायला लागली होती. इतकं ऐकून घेणारा वादक मला कधी मिळाला नव्हता.

पण संदेशला सगळ्याचा अर्थ लागला होता. आमच्या ग्रुपवर, ज्यात कॅफेचा मालकही आहे, त्याने लिहिलं, हा मेलेल्या वादकाचा ॲम्प आहे, त्याचा जीव अडकलाय. कुणी मेलंय का, हे विचारायची तसदी घेतली नाही. कॅफेच्या मालकाने तर कहर केला. पुढच्या रविवारचं पोस्टर मला न विचारता बनवलं — माझा फोटो, मागे पांढरी धुरकट आकृती, खाली 'जामखेडच्या दिवंगत गिटारवादकासह'. मी फोन करून असं झापलंय त्याला... पण तोवर ते नगरभर फिरलं होतं. म्हणे, तिकिटं भराभर जातायत, आता कसं काढणार.

रविवारी दुपारी आम्ही साउंड चेक करत होतो, तेव्हा दारातून एक म्हातारे गृहस्थ आत आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, हातात मोबाईल. मोबाईलवर ते पोस्टर. रंगनाथमास्तर. जामखेडहून एसटीने आले होते.

"मी मेलो म्हून कुनी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

कॅफेचा मालक पुढे झाला. "काका, तसं नाही, ती जरा पब्लिसिटी—"

"पब्लिसिटी तुमच्या बापाच्या नावानं करा. गल्लीतल्या बाया माझ्या बायकोला भेटायला आल्या, कधी गेले म्हून. मी मागं दाढी करीत हुतो."

संदेश खाली बघत बेस सुरात लावायला लागला. तो आधीच सुरात होता. मास्तर माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली नाही, कारण चूक माझी नव्हती, पण लाज मलाच वाटत होती. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. भंडारदरा, दुसरी गिटार, ट्रॅकचा आळ. मला वाटलं ते उठून जातील. त्यांनी खुर्ची ॲम्पकडे सरकवली.

"अजून बोलतोय का त्यो?"

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"म्हाईत हुतं."

"मग विकताना सांगायचं नाही?" माझा आवाज चढला. "मला लोकांनी लबाड ठरवलं, मास्तर."

"काय सांगनार? तुमी शिकलेल्या बाई. येडा म्हनला असता मला."

म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं. म्हणून आणखीच चिडले.

इम्रानने चहा आणला. मास्तर कपाकडे बघत बोलत राहिले. "मी वाजवायचो आन् त्यो माझ्यापरीस बरं वाजवायचा. लगीन असो, जयंती असो, टाळ्या पडायच्या, आन् मला ठावं असायचं कुनाला पडल्यात. पुढं पुढं मला त्याचा रागच याया लागला. मीच त्याच्याशी बोलनं बंद केलं. कापड टाकून कोपऱ्यात ठिवला, मंग विकला." कप खाली ठेवून म्हणाले, "वाजवा जरा."

मी वाजवलं. ओळ संपवून हात उचलला. उत्तर आलं, लांबलचक, सावकाश. मास्तरांनी डोळे मिटले होते. संपल्यावर हात पुढे केला. "द्या हिकडं."

त्यांची बोटं आता थरथरतात. पण ओळ त्यांनी छान वाजवली, जुन्या ऑर्केस्ट्राच्या ढंगाची, शेवटी एक हेलकावा. मग थांबले.

काहीच नाही. फक्त ट्यूबची बारीक घरघर.

त्यांनी तीच ओळ पुन्हा वाजवली, जास्त जोर देऊन. आम्ही तिघं श्वास रोखून उभे. संदेशसुद्धा. ॲम्प गप्प. मास्तरांनी मान तिरकी करून, दाराआडच्या माणसाची चाहूल घ्यावी तशी वाट पाहिली. किती वेळ, कोण जाणे. मग खिशातून रुमाल काढून गिटारची मान पुसली आणि गिटार मला परत दिली.

"धरलाय अबोला," ते म्हणाले.

मी म्हटलं, "मास्तर, घेऊन जा ॲम्प. मी आणून देते गाडीतून."

"काय करू नेऊन? आपल्याशी बोलत न्हाई त्याला घरात ठिवून काय उपेग."

मी सोडायला निघाले, तर नको म्हणाले. पुढची एसटी होती.

त्या संध्याकाळी कॅफे खच्चून भरला होता. मी माइकवर सगळ्यात आधी सांगितलं की रंगनाथमास्तर जिवंत आहेत, ठणठणीत आहेत, आणि त्यांचं नाव पुन्हा असं वापरलं तर मी इथे वाजवणार नाही. मालकाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग गाणं सुरू केलं. सवाल टाकला आणि लगेच उत्तर आलं, लाडात आल्यासारखं. लोक वेडे झाले.

मी मागे हात नेऊन स्विच बंद केला. गाण्याच्या मधेच. एका म्हाताऱ्या माणसाला, जो इतक्या लांबून आला, ज्याने कमीपणा घेऊन दोनदा विचारलं, त्याला एक सूर देता आला नाही, आणि इथे टाळ्यांसाठी नखरे? भूत असो, नाहीतर आणखी काही असो, इतका उद्धटपणा मी खपवून घेणार नव्हते. उरलेला कार्यक्रम मी संदेशच्या बॉक्सवर वाजवला. संदेशने स्वतः वायर लावून दिली. नंतर जामखेडला फोन करून माफी मागितली म्हणे.

मधे बरेच दिवस मी ॲम्प लावलाच नाही. मग राहवलं नाही. आता घरी वाजवते. काय आहे ते मला अजून माहीत नाही. कारण सापडलेलं नाही, आणि 'अतृप्त आत्मा' वगैरे लिहून पाठवणाऱ्यांनी कृपया पाठवू नये. कुणाचा? मालक जिवंत आहे. ज्याने बांधला तो कोण, कुठला, हे मास्तरांनाही माहीत नाही. दोनदा ॲम्प घेऊन मी जामखेडला गेले, पडवीत लावून दिला. मास्तरांनी वाजवलं. नाही म्हणजे नाही.

आता रविवारी त्यांचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलतात, बायकोच्या गुडघ्यांचं सांगतात, आणि मग विचारतात, "बोलला का?" फोनवर तो आवाज जात नाही, म्हणून त्याने काय वाजवलं ते मी तोंडाने गुणगुणून दाखवते. बहुतेक वेळा नुसतंच "हं" म्हणतात. पण मागच्या रविवारी मला मधेच थांबवलं, तीच जागा पुन्हा म्हणायला लावली, आणि म्हणाले,

"चुकला की त्यो तिथं."

मग बायकोला हाक मारून तेच सांगितलं. इतकं खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.