सिंधूअक्काचं शिकरण

ही गोष्ट मी आजवर निम्मीच सांगत आले. निम्मी फार छान आहे — टाळ्या मिळतात. उरलेली निम्मी ना घरात बोलले, ना वॉर्डात. आज तुम्हाला सांगते, मध्ये अडखळले तर अडखळू द्या.

आधी थोडी फुशारकी. त्याशिवाय माझं पान हलत नाही. धुळ्यातल्या एका मनोरुग्ण विभागाची मी इन्चार्ज सिस्टर. माणूस दारातून आत येताना कसा चालतो, नखं वाढलीत का, नजर कुठे ठेवतो, साध्या प्रश्नाला उत्तर द्यायला किती वेळ घेतो — नातेवाइकांनी तोंड उघडायच्या आत मी बरंच काही ओळखलेलं असतं. डॉक्टरही विचारतात, सिस्टर, तुम्हाला काय वाटतं? आणि मला वाटतं ते बहुतेक बरोबर निघतं. याचा अभिमान का नसावा? देवपुरातल्या शेजारणी विचारतात, असल्या लोकांत तुम्हाला भीती नाही वाटत? मी म्हणते, तुमच्या भिशीत जास्त वाटते.

आणखी एका गोष्टीसाठी माझं नाव होतं. पेशंटला चौघांनी दाबून धरायचं आणि इंजेक्शन टोचायचं, ही वेळ मी येऊ देत नसे. शेजारी बसून, बोलून, कधी रुसून मी गोळी घ्यायला लावायचे. पुढचं सगळं त्या नावापायी झालं.

सिंधूअक्का जळगावच्या पूर्वेकडची, केळीची बाग असलेल्या घरातली. जळगावात कुणीतरी ओळखीचं भेटणारच, म्हणून घरच्यांनी तिला आमच्याकडे धुळ्याला आणलं. सगळे आपल्या जेवणात विष कालवतात, हा तिचा आजार. सुनेने वाढलेलं ताट ती उलटं करायची. वाळून काटकी झाली होती. गोळी तर लांबच, पाणीसुद्धा ग्लासातलं नाही, नळाला तोंड लावून प्यायची.

मी नुसती बघत राहिले. आणि मला कळलं — सालातलं केळं ती खाते. बंद असतं ना! त्यात कोण काय घालणार? मग मी रोज तिच्यासमोर बसून केळं सोलू लागले. निम्मं मी खायचं, निम्मं तिने. हळूहळू मी वाटीत केळं कुस्करून दूध घातलं तरी ती खायला लागली. "तुह्या हातचं चालते मले," म्हणाली. अख्ख्या घराला जे जमलं नव्हतं ते मला जमलं! त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते.

इथपर्यंतची गोष्ट मी नर्सिंगच्या प्रत्येक बॅचला सांगते. शेवटी म्हणते, "आणि मग तिने माझ्या हातून गोळीही घेतली." मुली भारावून जातात.

तिने घेतली नव्हती.

डॉक्टर म्हणाले होते, उद्याही गोळी नाकारली तर इंजेक्शन द्या. माझ्या वॉर्डात? माझ्या पेशंटला? मी गोळी कुटली, आणि अक्का हात धुवायला वळली तेवढ्यात वाटीत कालवली. वरून साखर जास्त घातली. डॉक्टरांना सांगितलं, आता आपणहून घेते. किती दिवस असं केलं? बरेच.

एका सकाळी तिने वाटी खाली ठेवली. "सिस्टर, केयं कडू लागून राह्यलं."

केळीत जन्म गेलेली बाई! तिची जीभ कशी चुकेल? पण माझं तोंड सराईत — तिचा हात हातात घेऊन म्हटलं, अक्का, तुमच्यासमोरच सोललं ना मी? हा आजार आहे, तुमची जीभ तुम्हाला फसवतेय. आणि राउंडला डॉक्टरांना काय सांगितलं असेल? चवीचा भास होतोय. त्यांनी गोळी वाढवली. वाढवलेली गोळीही मीच कालवली. मग तिचे हात थरथरायला लागले, चमचा धरवेना. तेव्हा मी भरवलं, आणि तिने मुकाट्याने तोंड उघडलं.

ती बरी झाली, हेही खरं. पुढे गोळी तळहातावर घेऊन स्वतःच गिळायला लागली, घरी गेली. आता मजूर लावून बाग बघते, व्यापाऱ्याशी केळीच्या भावावरून भांडते. मला तिचा अभिमान वाटतो. आणि — लपवून काय उपयोग — माझाही वाटतो.

मागच्या वर्षी ती सुनेबरोबर केळ्यांच्या फण्या घेऊन भेटायला आली. सगळ्या स्टाफसमोर माझं तोंडभरून कौतुक केलं. मग मला बाजूला नेऊन हळूच विचारलं, "खरं सांगजो सिस्टर, त्या वाटीत काही नव्हतं ना?"

सरळ विचारलं होतं तिने. ती बरी होती, ऐकून घेण्याइतकी खंबीर होती. माझं काय जाणार होतं? फार तर टाळ्या. मी म्हटलं, "नाही अक्का, काहीच नव्हतं."

तिला हायसं वाटलं. जाताना तिची सून हसत सांगत होती — सासूबाई सगळा स्वयंपाक करतात, पण चव म्हणून घेत नाहीत. भाजीत मीठ पडलं की नाही, तेही आम्हालाच विचारतात. "माह्या जिभीचा काय भरोसा, म्हणतात!" अक्का हसली. मीही हसले.

केळं कडूच होतं. तिला बरोबर कळलं होतं. तिचा नंबर माझ्याकडे आहे, दिवाळीला आमचं बोलणंही होतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे.